टॅटू आर्टिस्टच्या हाताखाली उमेदवारी कशी मिळवावी

टॅटूचं काम शेवटी जिवंत कातडीवरच शिकावं लागतं आणि तिथे खोडरबर चालत नाही. म्हणून एखादा जाणता आर्टिस्ट नवख्याला हाताखाली घेतो, तेव्हा तो नुसती विद्या देत नसतो. स्वतःची गिऱ्हाइकं, स्वतःचं नाव आणि जिथे परवाना लागतो तिथे परवानासुद्धा तो पणाला लावत असतो. उमेदवारी मागायला जाणारे बहुतेक जण आपली चित्रकला दाखवायच्या तयारीनं जातात. समोरचा मात्र चित्रांच्या आडून आणखी काही तपासत असतो: हातमोजे घातल्यावर हा माणूस मोबाइलला हात लावेल का? चुकलेली रेघ लपवेल की दाखवेल? सहा महिने फरशी पुसायला लावली तर टिकेल का? खाली दिलेल्या पायऱ्या याच क्रमानं घ्या. शेवटच्या पायरीवरून सुरुवात करणारे बरेच असतात, आणि त्यांची कामं दुरुस्त करण्यातच अनेक स्टुडिओंचा वेळ जातो.

१. आधी नियम आणि लस

टॅटूचे नियम प्रत्येक देशात, कधी कधी प्रत्येक शहरात वेगळे असतात. कुठे आर्टिस्टला व्यक्तिगत परवाना लागतो, कुठे फक्त जागेला, कुठे शिकाऊ माणसाची वेगळी नोंदणी असते. नियम बदलतातही. टॅटू काढणं हे डॉक्टरी काम नव्हे, हा निर्वाळा जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली दिला. युरोपीय संघात ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आल्या. तेव्हा पाच वर्षांपूर्वी शिकलेल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. आपल्या भागातल्या आरोग्य खात्याकडे किंवा स्थानिक प्रशासनाकडे तीन गोष्टी विचारा: शिकाऊ व्यक्तीला नोंदणी लागते का, वयाची अट काय, आणि संसर्गप्रतिबंधाचं कुठलं प्रशिक्षण सक्तीचं आहे. वय बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण लागतं.

लसीचं काम लगेच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो. रक्तावाटे पसरणाऱ्या हिपॅटायटिस-बी या काविळीच्या लसीचे नेहमीच्या वेळापत्रकानुसार तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एका महिन्यानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी केली की संरक्षण तयार झालं का ते कळतं. हा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो, म्हणजे टेबलाच्या कडेला वाळलेला, डोळ्यांना न दिसणारा डागही धोक्याचा. हिपॅटायटिस-सी आणि एचआयव्हीवर लस नाही. तिथे तुमच्या सवयीच कामाला येतात. रक्तावाटे पसरणाऱ्या संसर्गांवरचा छोटा अभ्यासक्रम आणि प्रथमोपचाराचा वर्ग करून ठेवला असेल, तर स्टुडिओत पहिलं पाऊल टाकतानाच तुमचं वजन वाढतं. हे कागद जवळ बाळगून येणारे फार थोडे असतात.

२. मशीन मागवू नका

ऑनलाइन मिळणारा स्वस्त संच मागवून घरी भावाच्या दंडावर हात साफ करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. त्या संचातल्या शाईत काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नसतं, सुया निर्जंतुक असल्याची खात्री नसते आणि सुई किती खोल न्यायची ते दाखवायला कोणी नसतं. परवान्याची सक्ती असेल तिथे ते बेकायदाही ठरतं. शिवाय हाताला लागलेल्या चुकीच्या सवयी मोडायला नव्यानं शिकण्यापेक्षा जास्त काळ लागतो. म्हणूनच अनेक आर्टिस्ट घरी टॅटू केलेल्या उमेदवाराला दारातूनच परत पाठवतात. आधीच केले असतील तर त्यांचे फोटो वहीत लावू नका. विचारलं तर मात्र खरं सांगा, कारण ही गोष्ट लपून राहत नाही.

हा वेळ आणि हे पैसे कागदावर घाला.

३. वही तयार करा

या व्यवसायात पोर्टफोलिओला बरेच जण नुसतं ‘वही’ म्हणतात. सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. साधारण ३० ते ३५ पूर्ण झालेली पानं पुरतात. शंभर पानं नेलीत तर समोरचा त्यातली सर्वांत वाईट पाच लक्षात ठेवेल. आकार ए-३ किंवा फ्लॅशच्या, म्हणजे गिऱ्हाइकानं निवडायच्या तयार डिझाइनांच्या पानांच्या, जुन्या पद्धतीचा ११ बाय १४ इंच. पारदर्शक कप्प्यांची काळी फाइल घ्या. सुटे कागद नकोत.

नट-नट्यांची पेन्सिलीत केलेली हुबेहूब चित्रं ही नवख्यांची आवडती जागा. त्यातून चिकाटी दिसते, पण टॅटू जमेल की नाही ते कळत नाही. पेन्सिलीची रेघ दहा वेळा गिरवून घट्ट करता येते. सुईनं तसं केलं की कातडी फाटते. समोरच्याला पाहायची असते ती एका फटक्यात ओढलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, नेमकी जिथे मिळायची तिथे मिळणारी रेघ.

त्यासाठी रोजचा सराव असा ठेवा. ०.८ चा फाइनलाइनर (एकसारखी रेघ देणारा बारीक टोकाचा पेन) घ्या आणि ए-४ कागदावर ५ सेंटीमीटर व्यासाची दहा वर्तुळं पेन न उचलता काढा. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून फक्त एक जागा पाहा: रेघ सुरू झाली आणि संपली तो सांधा. नवख्या हाताचा तिथे एक तर काळा ठिपका बसतो, नाहीतर रेघ केसभर बाजूला निसटते. टॅटूत त्याच सांध्यावर सुई दोनदा जाते, कातडीला दुप्पट मार बसतो आणि जखम भरल्यावर तिथे जाड गाठ उरते. सांधा दिसेनासा झाला की २ मिलिमीटर अंतरानं समांतर रेघा, मग इंग्रजी एस आकाराची वळणं, मग ०.३ च्या पेनानं हेच सगळं पुन्हा. रेघ मनगटातून ओढू नका. कोपर आणि खांदा हलला पाहिजे. आणि कागद फिरवू नका. तो पाटावर चिकटपट्टीनं पक्का करा आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे, स्वतःकडे, स्वतःपासून दूर अशा सगळ्या दिशांनी ओढा. टेबलावर झोपलेल्या माणसाची पाठ तुमच्या सोयीनं फिरत नाही.

पानांची वाटणी ढोबळमानानं अशी असू द्या:

– १२ ते १५ पानं फ्लॅशची. प्रत्येक पानावर पाच-सहा लहान डिझाइनं: बाह्यरेषा, शेडिंग आणि काहींत रंग. गुलाब, साप, कवटी, खंजीर, पक्षी, हात हे ठरलेले विषय टाळू नका. ते प्रत्येक आर्टिस्टनं शेकडो वेळा काढलेले असतात, म्हणून त्यातली तुमची चूक त्याला क्षणात दिसते. हाच त्यांचा उपयोग.

– पाच-सहा पानं काळ्या शाईच्या शेडिंगची. ३०० जीएसएमच्या (जाड) जलरंगाच्या कागदावर न पुसणारी काळी शाई लावायची आणि दुसऱ्या ओल्या ब्रशनं ती गडदाकडून पांढऱ्याकडे ओढत न्यायची. याला स्पिट शेडिंग म्हणतात. नाव काहीही असो, थुंकी नको, पाणी वापरा. शाई वाळायच्या आत ओढावी लागते, त्यामुळे हात घुटमळला की तिथे पट्टा उमटतो.

– चार-पाच पानं अक्षरांची. देवनागरी आणि रोमन दोन्ही करा. देवनागरीत शिरोरेषा सरळ ठेवणं हे वेगळंच कसब आहे. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. वहीतच ‘आर्शिवाद’ असं लिहिलेलं दिसलं, तर उद्या ते कुणाच्या मनगटावरही जाईल हे समोरच्यानं ओळखलंच.

– चार-पाच पानं शरीरावर बसवलेल्या डिझाइनांची. हात, पिंढरी, खांदा यांचा बाह्याकार काढून त्यात डिझाइन. याहून चांगलं म्हणजे मित्राच्या हातावर धुऊन जाणाऱ्या मार्करनं डिझाइन काढा आणि हात सरळ, वळवलेला व दुमडलेला असताना असे तीन फोटो लावा. सपाट कागदावर गोल दिसणारं वर्तुळ वळलेल्या हातावर अंडाकृती होतं, हे तुम्हाला कळतं एवढं त्यातून दिसतं.

– उरलेल्या पानांत दोन-तीन डिझाइनांचा प्रवास: कच्चं रेखाटन, स्वच्छ रेघ, स्टेन्सिलसाठी (सुई लावण्याआधी कातडीवर उमटवायच्या छापासाठी) तयार प्रत.

टॅब्लेटवर काढलेलं चालतं, स्टुडिओत ते रोजचंच आहे. पण निदान अर्धी वही हातानं काढलेली हवी. टॅब्लेटमधलं सॉफ्टवेअर थरथरती रेघ आपोआप सरळ करतं आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, बारीकपणाचा हव्यास. कातडीत शाई वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते, त्यामुळे आज एक मिलिमीटर अंतरावर असलेल्या दोन रेघा पुढे एकमेकींत मिसळतात आणि ‘ध’, ‘क्ष’ यांमधल्या पोकळ्या भरून जातात. नाण्याएवढ्या जागेत अख्खं जंगल बसवलंत तर ते कौशल्य न वाटता अज्ञान वाटतं. जुन्या पठडीचा हिशेब अजूनही उपयोगी आहे: साधारण एक तृतीयांश काळं, एक तृतीयांश रंग, एक तृतीयांश मोकळी कातडी. पान भिंतीला लावून तीन-चार पावलं मागं या. काय काढलंय ते लगेच कळलं नाही तर पुन्हा काढा. दुसरी चूक म्हणजे नक्कल. दुसऱ्याची फ्लॅश गिरवून शिकायला हरकत नाही, सगळे तसंच शिकतात. पण ती आपली म्हणून वहीत लावलीत की सरळ नकारच. हे क्षेत्र लहान आहे, नक्कल ओळखली जातेच.

४. स्टुडिओ पारखा

दहा-पंधरा स्टुडिओंची यादी करा आणि प्रत्येकाचं काम पाहताना ताज्या टॅटूंचे चमकणारे फोटो बाजूला ठेवा. भरून आलेल्या, म्हणजे निदान दोन महिने ते काही वर्षं जुन्या टॅटूंचे फोटो शोधा. ताजा टॅटू कोणाचाही काळाभोर दिसतो. खरा हात कळतो तो रेघ नंतरही एकसारखी राहिली का, काळ्यात पांढरे ठिपके पडले का, कडेला निळसर सावली पसरली का, यावरून. ज्याच्याकडे जुन्या कामाचे फोटोच नाहीत, त्याच्याकडे शिकू नका.

मग पाहा की त्यानं आधी कुणाला शिकवलंय का, आणि ते लोक आज काय करतात. निदान पाच वर्षं सातत्यानं काम केलेला माणूस बरा. उत्तम आर्टिस्ट उत्तम शिक्षक असेलच असं नाही. जुने शिष्य टिकलेले दिसले तर ते जास्त भरवशाचं लक्षण आहे. तीन-चार आर्टिस्ट असलेला स्टुडिओ एकट्याच्या खोलीपेक्षा सहसा बरा, कारण वेगवेगळे हात बघायला मिळतात.

आत काय चालतं हे समजायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्या आर्टिस्टकडून स्वतः टॅटू काढून घेणं. लहानसा असला तरी चालेल. दोन तास त्याच्या शेजारी बसायला मिळतात. तेव्हा हे पाहा:

सुईचं किंवा कार्ट्रिजचं (सुया आत बसवलेल्या, एकदाच वापरायच्या नळीचं) पाकीट तुमच्यासमोर फोडलं का, त्यावरची मुदत पाहिली का? मशीन, वायर किंवा बॅटरी, दिव्याचा दांडा, फवारणीच्या बाटल्या यांवर प्लॅस्टिकचं आवरण आहे का? शाई मोठ्या बाटलीतून लहान टोप्यांत ओतली आणि काम संपल्यावर टोप्या फेकल्या का, की उरलेली शाई परत बाटलीत गेली? सुया टाकायला कडक डबा आहे का? फोन वाजल्यावर त्यानं काय केलं? मोज्यांच्या हातानं फोन उचलणारा माणूस तुम्हालाही तेच शिकवणार.

स्टीलचे ग्रिप (मशीन धरायच्या मुठी) पुन्हा वापरत असतील तर ऑटोक्लेव्हबद्दल, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राबद्दल, विचारा. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पाकिटात बंद केलेली अवजारं १२१ अंश सेल्सियसला साधारण ३० मिनिटं ठेवावी लागतात, आणि यंत्र खरंच जंतू मारतंय का हे ठरावीक काळानं बीजाणूंची चाचणी करून तपासतात. त्या चाचणीची नोंदवही चांगल्या स्टुडिओत असते आणि विचारल्यावर कुणी तोंड वाकडं करत नाही. निळ्या दिव्याची कपाटं आणि अल्ट्रासॉनिक भांडी दिसतील. पहिलं फक्त साठवणुकीचं, दुसरं फक्त घासणीचं. निर्जंतुकीकरण दोन्हींतून होत नाही. कार्ट्रिज वापरत असतील तर त्यात आतला पडदा आहे का तेही पाहा. पडदा नसेल तर शाई आणि रक्त उलटं मशीनमध्ये जाऊ शकतं, आणि मशीन आतून पुसता येत नाही.

१५ दिवसांत आर्टिस्ट बनवतो म्हणणारे कोर्स सगळे फसवे नसतात. मशीनची जुळणी, सुयांची ओळख, स्वच्छतेची तत्त्वं तिथे कळतात. पण खोटी कातडी आणि दोन-तीन खरे टॅटू एवढ्यावर हात बसत नाही, आणि त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. कोर्स केला असेल तरी उमेदवारी चुकत नाही.

५. जा आणि विचारा

एकाच मजकुराचे चाळीस मेसेज चाळीस स्टुडिओंना पाठवणं हा वेळेचा अपव्यय आहे. जवळच्या ठिकाणी प्रत्यक्ष जा. आठवड्याच्या अखेरीला नको, गर्दी असते; मधल्या दिवशी, स्टुडिओ उघडल्यावर तासाभरात. काम चालू असलेल्या टेबलापाशी जाऊ नका. काउंटरवर विचारा, नसेल वेळ तर वेळ ठरवून परत या. वही हातात हवी. ‘फोनमध्ये दाखवतो’ म्हणालात की अर्धं संपलं.

पहिल्याच वाक्यात जागा मागू नका, मत मागा. साधं बोला:

“नमस्कार सर, मला टॅटूचं काम शिकायचंय. सध्या तुम्ही कुणाला शिकवायला घेत नसाल तरी हरकत नाही. दहा मिनिटं मिळाली तर ही वही बघून मी कुठे कमी पडतोय तेवढं सांगाल का?”

मग गप्प बसा. प्रत्येक पानावर सफाई देणारा उमेदवार कंटाळवाणा होतो. ‘हे घाईत काढलंय’ असं म्हणावं लागतंय ते पान वहीत नकोच होतं. जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घ्या आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: “यातली कुठली तीन पानं मी पुन्हा काढू?”

सहा-आठ आठवड्यांनी तीच पानं नव्यानं काढून परत जा, जुनी प्रत शेजारी ठेवून. बहुतेक जागा याच फेरीत मिळतात, कारण सांगितलेलं ऐकून काम करणारा माणूस कसा असतो हे त्या जुन्या-नव्या पानांत दिसतं. पहिल्या दिवशी नकार देणाऱ्याची कारणं बऱ्याचदा तुमच्याशी संबंधित नसतात: जागा नसते, आधीचा शिकाऊ गिऱ्हाइकं घेऊन गेलेला असतो, किंवा त्याला शिकवायचंच नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतही नकार आला तर ‘दुसरं कोण शिकवतं?’ असं विचारून पुढे व्हा. रोज जाऊन बसू नका.

लांबच्या स्टुडिओला लिहावंच लागलं तर ईमेल सहा-सात ओळींचा ठेवा: कोण, वय, किती वेळ देऊ शकता, कुठलं प्रशिक्षण आणि लस झाली, त्यांच्या कामातलं नेमकं काय आवडलं, आणि आठ निवडक पानं. ‘लहानपणापासून आवड’ हे वाक्य प्रत्येकाच्या पत्रात असतं. तुमच्या पत्रात नसलं तरी चालेल.

६. पैसा आणि करार

उमेदवारीचा काळ साधारण एक ते तीन वर्षांचा असतो आणि पहिलं वर्षभर कमाई जवळजवळ शून्य धरा. त्यामुळे वर्षभराचा खर्च बाजूला असेल किंवा दुसरी अर्धवेळ नोकरी असेल, तरच उडी घ्या. नोकरीच्या वेळा पहिल्याच भेटीत सांगून टाका.

काही आर्टिस्ट फी घेतात, काही घेत नाहीत. फी घेतली म्हणून लुबाडणूक होत नाही आणि फुकट शिकवतो म्हणून उपकार होत नाहीत; फुकटच्या उमेदवारीत तुम्ही श्रमानं मोल देत असता. खरा प्रश्न दोन्हीकडे एकच: बदल्यात शिकवलं काय जाणार, आणि केव्हा? तोंडी ठरवू नका. एक-दोन पानांचा साधा करार पुरतो, पण त्यात हे मुद्दे हवेतच: एकूण मुदत आणि आठवड्याचे तास; फी असेल तर टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्पा काय शिकवल्यावर पूर्ण होतो त्यासह; मशीन, सुया, शाई यांचा खर्च कुणाचा; खऱ्या कातडीवर पहिलं काम कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर; शिकाऊ असताना केलेल्या टॅटूचे पैसे कुणाचे; उमेदवारी संपल्यावर तिथेच काम करायची सक्ती आहे का आणि किती काळ; सोडून गेलात तर किती अंतरात, किती दिवस काम करायला बंदी; आणि शिकवणाराच स्टुडिओ सोडून गेला तर पुढे काय.

सगळी रक्कम आगाऊ मागणारा, करार नको म्हणणारा, पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईक हातात देतो म्हणणारा, आणि शिकवण्याच्या नावाखाली अंगचटीला येणारा किंवा चारचौघांत अपमान करणारा: या चौघांपासून लांब राहा. साफसफाई करायला लावणं म्हणजे छळ नाही. वर्षभर फक्त साफसफाई आणि मशीनचं नावही नाही, तर मात्र तो फुकटचा नोकर शोधत होता.

तुम्हालाही दोन-चार आठवड्यांचा चाचणीचा काळ सुचवता येतो. दोघांच्याही सोयीचं असतं.

७. आत गेल्यावर

पहिले दोन-तीन महिने टेबल मांडणं, मोडणं, फोन घेणं, संमतीपत्रं भरून घेणं, स्टेन्सिल काढणं आणि बघणं. यात मन रमत नाही, पण स्टुडिओचा विश्वास इथेच बसतो. टेबल मोडण्याचा क्रम अंगात मुरवा: मोजे घातलेलेच ठेवून आधी सुई कडक डब्यात, मग टोप्या, कागद, आवरणं कचऱ्यात, मग जंतुनाशक फवारून पृष्ठभाग बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण ओला ठेवायचा, मग पुसायचं, मोजे उतरवायचे, साबणानं हात धुवायचे. नवखे फवारतात आणि लगेच कोरडं पुसतात. टेबल चकचकीत दिसतं, जंतू मात्र तिथेच राहतात, कारण औषधाला काम करायला वेळच मिळालेला नसतो.

स्टेन्सिलही साधी गोष्ट वाटते. नव्या रेझरनं लव काढायची, कातडी स्वच्छ करून कोरडी करायची, स्टेन्सिलचं द्रव अगदी पातळ चोळायचं, ते चिकट झालं की कागद दाबायचा, उचलल्यावर १० ते १५ मिनिटं वाळू द्यायचं. द्रव जास्त झालं की रेघा पसरतात. वाळू दिलं नाही तर तिसऱ्याच पुसण्याला अर्धं डिझाइन नाहीसं होतं. गिऱ्हाइकाला नैसर्गिक उभं करूनच स्टेन्सिल लावा. आडवं झोपवून लावलेली सरळ रेघ माणूस उभा राहिला की वाकडी होते.

सुयांची भाषा लवकर शिका. ‘१२०७ आरएल’ यातले पहिले दोन अंक सुईची जाडी सांगतात: १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३०, ०८ म्हणजे ०.२५. पुढचे दोन अंक म्हणजे सुया किती. आरएल रेघेसाठी गोल घट्ट जुडगा, आरएस शेडिंगसाठी सैल गोल, मॅग्नम म्हणजे दोन ओळींतला चपटा जुडगा, मोठी जागा भरायला.

मग मशीन हातात येतं, पण सिलिकॉनच्या कातडीवर. तिच्यावर रक्त येत नाही, ती सुजत नाही आणि ताणलीही जात नाही; तेव्हा तिथे जमलं म्हणून हुरळू नका. तिथे शिकायचं ते तीनच: खोली, वेग आणि आधार. शाई बाह्यत्वचेच्या खाली असलेल्या थरात, साधारण दीड ते दोन मिलिमीटरवर बसावी लागते, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला कातडी पातळ, पाठीवर जाड, म्हणून हा आकडा नुसता अंदाज. उथळ गेली तर कातडी सोलते तशी काही आठवड्यांत शाईही जाते. खोल गेली तर खालच्या चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर धूर दिसतो. याला ब्लोआउट म्हणतात आणि तो पुसता येत नाही. हात वेगात आणि सुई हळू असेल तर रेघेऐवजी ठिपके पडतात. हात रेंगाळला तर कातडीचा भुगा होतो, खपली जाड येते आणि खपलीबरोबर रंग निघतो.

रेघ थरथरली की नवखा मशीनच्या हाताकडे बघतो. दोष बहुतेक वेळा दुसऱ्या हाताचा असतो. कातडी तीन बाजूंनी ताणलेली हवी: दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोट दोन दिशांना, आणि मशीनच्या हाताची करंगळीची बाजू टेकून तिसऱ्या दिशेला. ताण सुटला की सुई कातडीवर उडी मारते, मग कितीही स्थिर हात असला तरी रेघ तुटते. शिकवणारा काम करत असताना सगळे सुईकडे बघतात; तुम्ही निदान एक आठवडा फक्त त्याचा ताणणारा हात बघा.

८. पहिली खरी कातडी

शिकवणारा ‘हो’ म्हणेल तेव्हाच, आणि तो शेजारी बसलेला असताना. पहिला टॅटू बहुधा स्वतःच्या मांडीवर होतो. दुखतं म्हणजे किती आणि कुठे, हे त्यातून कळतं. नंतर स्वखुशीनं तयार असलेले ओळखीचे लोक, शिकाऊ माणूस काढणार आहे हे लिहून दिलेल्या संमतीसह. पहिल्या दहा-पंधरा कामांसाठी जागा मांडी, पिंढरी किंवा हाताची बाहेरची बाजू. बरगड्या, मान, बोटं, पावलं आणि कोपराची आतली बाजू नको. डिझाइन सात-आठ सेंटीमीटरचं, मोजक्या स्वच्छ रेघा आणि थोडं काळं. लांब सरळ रेघ आणि अचूक वर्तुळ सोपं वाटतं, पण तिथे चूक सर्वांत जास्त दिसते. पान किंवा पाकळी थोडी चूक पोटात घेते. एखादी रेघ विरळ आली तर तिथल्या तिथे तिसऱ्यांदा जाऊ नका. जखम भरू द्या, चार ते सहा आठवड्यांनी टचअप करा.

प्रत्येक टॅटूची नोंद पहिल्यापासून ठेवा: तारीख, शरीरावरची जागा, सुईचा क्रमांक, व्होल्टेज, शाईचा रंग आणि बाटलीवरचा लॉट नंबर, लागलेला वेळ, ताजा फोटो. त्या माणसाला सहा आठवड्यांनी बोलवून त्याच प्रकाशात दुसरा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून शिकवणाऱ्याला दाखवा. कुठे शाई गेली, कुठे पसरली आणि तेव्हा व्होल्टेज किती होतं, हे एका ओळीत समोर येतं. लॉट नंबर लिहायचा कंटाळा करू नका: कुणाला महिनाभरानं पुरळ आलं किंवा कंपनीनं शाई परत मागवली, तर ती शाई कुणाकुणाच्या अंगावर गेली हे त्या रकान्यावरूनच सांगता येतं.